'हाव' म्हणजे होकार नव्हे

माझ्या लेकीला लातूरच्या एका क्लासनं दोन वर्षं शिकवलं आणि त्याचा पत्ता तिला नव्हता, मला नव्हता, तिच्या वडलांनाही नव्हता. इतकी गुपचूप शिकवणी पृथ्वीच्या पाठीवर दुसरी झाली नसेल. लेक नांदेडला आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून अभ्यास करायची आणि क्लास लातूरला. मधे हाडं खिळखिळी करणारा एस.टी.चा रस्ता. तरी त्यांनी शिकवलं म्हणतात. कसं शिकवलं? आमच्या मामांच्या कानातून.

मामा म्हणजे माझे सासरे. एस.टी.त कंडक्टर होते, सगळी नोकरी औशाला काढली. निवृत्त होऊन आमच्याकडं राहायला आले ते एक पत्र्याची पेटी आणि एक आवाज घेऊन. आवाज असा, की ते मोरीतून 'टॉवेल' म्हणाले की गल्लीतली तीन घरं टॉवेल शोधायला लागतात. बाकी माणूस अगदी गरीब. फक्त फोनच्या बाबतीत त्यांचे दोन कायदे होते आणि त्या कायद्यांपुढं सरकारचे कायदे म्हणजे पोरखेळ.

पहिला कायदा, वाजलेला फोन उचलायचाच. तो त्र्याण्णवच्या भूकंपातून आला होता. त्या दिवसांत औशाच्या घरी फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं आणि त्याचा नंबर 'पीपी' म्हणून अख्ख्या गल्लीनं लग्नपत्रिकांवर छापलेला. धरणी हलली तशी सगळी गल्ली मैदानात येऊन बसली. छपराखाली जायची कुणाची छाती होईना. आणि दुकानातला तो फोन वाजत होता. सकाळभर वाजत होता. मामांची धाकटी बहीण खालच्या अंगाच्या एका गावात दिलेली, तिचं काय झालं कुणाला माहीत नव्हतं. फोन वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. शंभर माणसं तो ऐकत बसली, उठलं कुणी नाही. तिसऱ्या दिवशी घरात रडून झालेलं, सुतकाची आंघोळ झालेली, आणि आत्याबाई दुधाच्या गाडीतून उतरल्या. डोक्यापासून पायापर्यंत मातीनं पांढऱ्याफटक. उतरल्या त्या भांडतच. "मी जित्ती हाय म्हनून सांगायला ह्यांनी बोटं झिजवली, अन् तुम्ही माझ्या नावानं आंघोळ केली व्हय रे?"

मामा ही गोष्ट सांगताना हसायचे, पण शेवटी एक वाक्य हळू म्हणायचे, आणि मामांचं हळू म्हणजे आपलं नेहमीचं बोलणं. "मी ऐकून राहिलो होतो. अन् उचलला न्हाई."

दुसरा कायदा, समोरचा बोलत असताना आपण 'हाव' म्हणत राहायचं. ट्रंक कॉलच्या काळात आपण दोन क्षण गप्प बसलो की पलीकडचा 'हॅलो हॅलो' करत फोन आपटायचा, कारण गप्प लाइन म्हणजे मेलेली लाइन. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं दर चार शब्दांना 'हाव' टाकतात. त्याचा अर्थ 'मी हाय, ऐकून राहिलो, तुम्ही चालू द्या' एवढाच. पटलं असा त्याचा अर्थ होत नाही. मामांना मी शिवी हासडली असती तरी शिवी पूर्ण होईपर्यंत ते 'हाव, हाव' म्हणाले असते आणि मग तांब्या फेकला असता.

आता असा माणूस आणि आजचा फोन यांची गाठ घालून बघा.

आमच्या घरात एकूण चार मोबाइल, आणि चारींवर मिळून इतका कचरा यायचा की महापालिकेनं दारात घंटागाडी उभी करायला हवी होती. सकाळी डोळे उघडायच्या आत कुणीतरी 'प्रिय ग्राहक' म्हणून गळ्यात पडायचं. माझ्या सख्ख्या नवऱ्यानं पंचवीस वर्षांत मला प्रिय म्हटलेलं नाही. ते उमरीला कचेरीत जातात, रोज जाऊन-येऊन करतात, आणि कशालाही 'जाऊ दे' म्हणतात, लाडानंही आणि रागानंही. पण कुठल्यातरी बोअरवेलवाल्याला मी प्रिय. केस गळतीवाल्याला प्रिय. विमानतळापासून दहा मिनिटांवर प्लॉट विकणारा तर माझ्यासाठी जीव टाकायचा. मी एकदा तो प्लॉट बघून आले. दहा मिनिटं लागतात, विमानानं गेलं तर. अमुक आकडा दाबून पाठवा म्हणजे असे निरोप बंद होतील, असा एक निरोप आला, तो मी पाठवला. त्यावर 'धन्यवाद' असा निरोप आला, मग 'आपली विनंती मिळाली' असा, मग 'आमच्या सेवेबद्दल आपलं मत कळवा' असा. बंद करण्याचं काम इतकं जोरात सुरू झालं की महिनाभर फोन हातात धरवेना.

पण हे सगळे झाले भुरटे. खरे दरोडेखोर म्हणजे क्लासवाले.

लातूरला एके काळी पोरं शिकायला जायची, मला मान्य आहे. चांगले मास्तर होते, घासून घ्यायचे, पोरं गुणवत्ता यादीत यायची. मग त्याला 'पॅटर्न' हे नाव पडलं आणि नाव पडल्या दिवसापासून गाव हाताबाहेर गेलं. भूकंपानंतर त्या जिल्ह्यानं घरं उभी केली, आणि घरं संपल्यावर क्लास. मी तर म्हणते, आता तिथं तुळशी वृंदावनाला जागा नाही, तिथंही फलकावर एक सर उभे असतात, हाताची घडी घालून. हाताची घडी घातल्याशिवाय सरांचा फोटोच निघत नाही. घडी सोडली की फिजिक्स सांडतं बहुतेक.

लेक अकरावीला गेली तेव्हाच तिनं सांगितलं, "मला क्लास नको. मी घरी करते." सगळ्या नातेवाइकांनी आमच्याकडं असं बघितलं, जसं काही आम्ही पोरीला शाळेतून काढून गुरं राखायला लावलंय. ती ऐकेना. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून कुणाकुणाच्या वह्या आणल्या, टाकीजवळ सतरंजी टाकली आणि बसली. तिच्याबरोबर उमरीची एक मैत्रीण होती. दोघी एकमेकींना फोनवर गणितं घालायच्या. मैत्रिणीच्या घरचे तिला लातूरला पाठवायला निघालेले, तिनं माझ्या लेकीकडं बोट दाखवून त्यांना थोपवलेलं. "ती करतीय की घरी, मग मी पन करते."

आता क्लासवाल्यांना मामांचा नंबर मिळाला कसा? तर कॉलेजच्या फाटकासमोर एक छत्री आणि टेबल लावून कुणी बसलं होतं, 'मोफत गुणवत्ता शोध'. नाव आणि नंबर लिहिला की पेन फुकट. माझी हुशार लेक. स्वतःचा नंबर द्यायचा नाही हे तिला कळत होतं आणि फुकटचं पेन सोडवत नव्हतं. तिनं आजोबांचा नंबर लिहिला. पेन दोन दिवसांत वाळलं. नंबर मात्र अमर झाला.

पहिला फोन मी स्वतः ऐकला. मामांचा फोन ऐकायला जवळ जावं लागत नाही, तो ते कायम लाउडस्पीकरवर ठेवतात. पलीकडं एक मुलगी होती. मराठी अशी पुणेरी, की प्रत्येक शब्द इस्त्री करून, घडी मोडू न देता समोर ठेवत होती.

"नमस्कार, मी आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भविष्यासाठी बोलते आहे. हा कॉल प्रशिक्षण आणि गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होतो आहे. आपण पालकच बोलताय ना?"

"हाव."

"माफ करा, हो की नाही?"

"हाव की."

"म्हणजे हो ना?"

"हाव म्हनलं की बाई. तुमच्याकडं हाव न्हाई का?"

"आमच्याकडे मर्यादित जागा आहेत, आजोबा."

मी खुणेनं म्हटलं, ठेवा. मामांनी मला हातानं दटावलं. समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, हे त्यांच्या पहिल्या कायद्याचं पोटकलम. ती मुलगी पाऊण तास बोलली. पोरीनं रोज किती पाणी प्यावं, किती झोपावं, फिजिक्स सकाळी करावं की संध्याकाळी. मामा दर चार शब्दांना 'हाव'. शेवटी ती दमली आणि म्हणाली, "आपल्याशी बोलून आनंद झाला." मामा म्हणाले, "जेवलीस का?"

तिथून पुढं दोन वर्षं ती पोरगी आठवड्याला फोन करत राहिली. आणखी दहा क्लासवाल्यांचे फोन येत, पण ते मामांच्या 'हाव'ला कंटाळून नंबर खोडून टाकत. ही एकटी टिकली. मामाही सरावले. ठराविक वेळ झाली की चष्मा पुसून फोनजवळ बसायचे. मी लेकीला म्हणायचे, तुझ्या आजोबांचा क्लास सुरू झाला बघ. मला काय माहीत, हा विनोद पुढं छापून येणार आहे.

लेकीचा निकाल लागला. मेडिकलला नंबर लागला, सरकारी कॉलेजात. मी गल्लीत पेढे वाटले ते कमी पडले, मग साखर वाटली. मामांनी आवाजाची सगळी ताकद लावून ही बातमी औशापर्यंत पोचवली. फोन केला होता, पण माझ्या मते गरज नव्हती.

आठवडाभरात माझ्या भावाचा फोन. तो शिरूर अनंतपाळला असतो, आणि त्याचं 'अभिनंदन'च मुळी तिरकं होतं.

"ताई, आम्हाला परकं केलंस बग. लातूरला घातलीस पोरगी, अन् सांगायचं न्हाई?"

"कुणाची पोरगी, कुठं घातली?"

"आता ऱ्हाऊ दे की. ही एवढी मोठी लावलीय रस्त्यावर. मोटारसायकल थांबवून बगितली मी. फोटो पाठवतो."

फोटो आला. फलक इतका मोठा, की त्याच्या सावलीत एखादं लग्न लागावं. मधे सर, हातांची घडी. त्यांच्या भोवती पोरांचे चेहरे, भाजीच्या पाटीत कांदे रचावेत तसे. आणि वरच्या रांगेत माझी लेक. चेहरा तिचाच. डोक्याला तेल चोपडून घट्ट दोन वेण्या घातलेल्या, कारण हा फोटो मामांनी घराच्या दारात काढलेला. पण मानेखाली निळा कोट, टाय आणि कुणातरी भलत्याच बाईचे खांदे. माझी लेक चिमणीएवढी, तिला पैलवानाचे खांदे लावले होते. खाली लिहिलेलं : 'आमच्या दूरध्वनी मार्गदर्शन तुकडीची मानकरी'.

दूरध्वनी मार्गदर्शन तुकडी! दोन वर्षं फोन करून डोकं खाल्लं, त्याला ह्यांनी नाव दिलं शिकवणी. मग तो बोअरवेलवाला आमच्या घरच्या पाण्याचा जनक म्हणायचा. केस गळतीवाल्यानं माझ्या वेणीचा फोटो लावायचा. निलाजरेपणाची परीक्षा असती तर हे महाराष्ट्रात पहिले आले असते, आणि त्यांना मात्र कुठल्याच क्लासची गरज पडली नसती.

लेकीनं फोटो पाहिला आणि आधी हसली. मग तिला उमरीच्या मैत्रिणीचा निरोप आला. एकच ओळ होती. 'माझ्याशी खोटं का बोललीस?' मैत्रिणीचा नंबर थोडक्यात हुकला होता, ती पुन्हा वर्षभर घरी बसून करणार होती. आता तिच्या वडलांना हा फलक कुणीतरी दाखवला. ते तिला म्हणाले, बघ, तुझी मैत्रीण आतून लातूरला होती अन् तुला गच्चीवर बसवलं. त्यांनी तिला त्याच क्लासला घालायची तयारी सुरू केली. लेकीनं फोन केले, ती उचलेना.

"कुणी दिला फोटो?" लेकीनं विचारलं. घरात तिघं होतो आणि तिघांपैकी एकजण भिंतीकडं बघत होते.

"ती पोरगी म्हनली, सत्कार करायचाय," मामा म्हणाले. "मला वाटलं, नारळ देतील."

"आणि मी त्यांच्याकडं शिकले म्हणून तुम्ही सांगितलं?"

"म्या कामून सांगू?"

"मग त्यांनी काय विचारलं? तुम्ही काय म्हणालात?"

मामा चष्मा पुसायला लागले. काय म्हणाले असतील ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"नंबर कुणी दिला होता त्यांना?" मी मधे पडले. "फुकटच्या पेनासाठी?"

"मम्मी, तू थांब." मग आजोबांकडं वळून ती म्हणाली, "दोन वर्षं मी घासली, आबा. आणि तुम्ही एका शब्दात देऊन टाकली."

त्या दिवसापासून ती आजोबांशी बोलेना. नुसती बोलेना असं नाही, चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवताना कपालाही आवाज करू द्यायची नाही. आणि मामांनी काय केलं? फोन उचलायचा सोडला. भूकंपापासून न मोडलेला कायदा मोडला. फोन फडताळावर वाजायचा, थरथरत कडेपर्यंत सरकायचा आणि मामा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत बसायचे. मी इतकी वर्षं देवाला साकडं घातलं होतं की ह्या माणसाला फोन उचलायची बुद्धी देऊ नकोस. आता तो वाजताना मलाच खोली सोडून जावं लागायचं.

आधी मी क्लासला फोन केला. गंमत बघा. दोन वर्षं आमचा पिच्छा पुरवणारा क्लास आमचा फोन उचलेना. 'प्रवेशासाठी एक दाबा, वसतिगृहासाठी दोन दाबा.' फोटो काढण्यासाठी काय दाबायचं ते नव्हतं. सरांचा गळा दाबण्यासाठीही आकडा नव्हता. आठव्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, मी लातूरला चालले. ते म्हणाले, जाऊ दे. मी म्हटलं, तेच म्हणतेय, जाऊ द्या मला.

लेक तयारच होती. आम्ही दाराशी पोचलो तर मामा टोपी घालून पायरीवर उभे. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. बसमध्ये ते कंडक्टरच्या सीटमागं बसले, लेक सगळ्यात पुढं, आणि मधल्या नऊ ओळींत मी, सरकारी मध्यस्थासारखी.

क्लासचं कार्यालय पहिल्या मजल्यावर. काचेचं दार, थंडगार हॉल, आणि त्यात पोराबाळांसह बसलेले पालक, उदगीर-देगलूरपासून आलेले, मांडीवर पिशव्या. भिंतीवर मोठा पडदा आणि दोन्ही बाजूंना स्पीकर. त्यावर सर अखंड बोलत होते. मी नाव-गाव सांगितलं, तर तिथल्या माणसानं पुष्पगुच्छच काढला. "या, या! आमच्या मानकरी!"

"मानकरीण नाही, मालकीण," मी म्हटलं. "तोंडाची. ते परत न्यायला आलोय."

मी आवाज चढवला तसे सर आतून आले. प्रत्यक्षात सर फलकापेक्षा बरेच लहान होते आणि हातांची घडी घालायचं विसरले होते. मी सगळं सांगितलं. ते गोड हसले. अशी गोडी मी फक्त पाकात पडलेल्या मुंगळ्याच्या तोंडावर बघितलीय.

"ताई, तुमची काहीतरी गैरसमजूत झालीय. आमच्याकडं प्रत्येक गोष्टीचं रेकॉर्ड आहे. पालकांच्या संमतीशिवाय आम्ही फोटो लावत नाही." मग हॉलमधल्या पालकांकडं बघत, त्यांनाही ऐकू जावं म्हणून ते म्हणाले, "ऐकवा रे यांना. मोठ्यावर लावा. लपवण्यासारखं काही नाही आपल्याकडं."

आणि त्या स्पीकरमधून आमच्या मामांचा आवाज आला. आधीच तो आवाज, त्यात दोन स्पीकर. काचेचं दार हललं. पुढच्या रांगेतलं एक लेकरू रडायला लागलं.

"आजोबा, आमच्या मार्गदर्शनाचा ताईंना उपयोग झाला ना?"

"हाव."

"आमच्या यशस्वी विद्यार्थ्यांमध्ये त्यांचा फोटो लावला तर चालेल ना?"

"हाव... हाव..."

सरांनी हात पसरले. हॉलमधल्या सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. लेक खाली बघत होती. मामा स्पीकरकडं असे बघत होते, जसं काही आत बसलेला कुणीतरी दुसराच माणूस त्यांचं नाव सांगून वावरतोय.

"हे तर तुकडे झाले," मी म्हटलं. "अख्खा लावा. ह्याच्या आधीचापण लावा. प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड करता ना? आम्हाला प्रशिक्षण मिळू द्या, तुकडीचे विद्यार्थी आहोत."

पालकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. सर हसण्यात सापडले. नाही म्हणावं तर लपवण्यासारखं काही नाही असं आत्ताच बोलून बसलेले. त्यांनी मान हलवली आणि त्या माणसानं आधीचा एक फोन लावला, निकालाच्या आधीचा, चांगला लांबलचक.

सुरुवातीला ती पुणेरी पोरगी बोलत होती, इस्त्रीचं बोलणं. मग तिनं विचारलं, "ताई सध्या कुठल्या क्लासला जातात, आजोबा?" आणि मामा सुटले.

"कुठंच जात न्हाई ती. गच्चीवर बसती. टाकीच्या आडुशाला. ऊन फिरलं की सतरंजी फिरवती. मी वर जात न्हाई, गुडघे दुखतेत, पन खालून आवाज येतो तिचा, पाठ करती तवा. मला त्यातलं काय कळत न्हाई बाई, पन चुकलं की मला कळतं. आवाज बारीक होतो. परवाच्या सराव परीक्षेत कमी पडले, तर जिन्यात बसून रडली. मी खाली पायरीवर बसलो. तिला म्हाईत न्हाई. ती उठून वर गेली, मग मी उठलो. कुनी शिकवलं न्हाई तिला. कुनी म्हंजे कुनी न्हाई."

मामा बोलत राहिले. पंधरा मिनिटं तरी. आणि ऐकता ऐकता हॉलमध्ये सगळ्यांच्या लक्षात येत गेलं की पलीकडून काहीतरी वेगळंच ऐकू येतंय. त्या पोरीची पुणेरी इस्त्री मोडत चालली होती. आधी 'हं, हं' होतं. मग 'हो का'. आणि मग, मामांनी जिन्यातलं सांगितलं तिथून, स्वच्छ, खणखणीत, उदगीरकडच्या हेलातलं : "हाव... हाव, आजोबा... हाव."

शेवटी मामांनी विचारलं, "मग आमच्या पोरीला तुमच्या क्लासची काय गरज न्हाई म्हना की?"

"हाव, आजोबा," पोरगी म्हणाली.

हॉल असा हसला, की मला पुन्हा भूकंप वाटला. देगलूरकडची एक बाई तर पिशवीत तोंड खुपसून हसत होती. मी सरांकडं वळले.

"सर, आता तुमच्याच हिशेबानं बोलते. हाव म्हणजे होकार ना? मग तुमच्या क्लासनं रेकॉर्डवर होकार दिलाय, क्लासची गरज नाही म्हणून. तेवढंही छापा फलकावर. माझी संमती आहे."

सरांचा चेहरा पडला आणि रागाला जागा हवी म्हणून ते आतल्या खोलीकडं ओरडले. तिथं कानाला यंत्रं लावून बसलेल्या दहा-बारा पोरी होत्या. एक किरकोळ, गळ्यात ओळखपत्र घातलेली पोरगी दारात येऊन उभी राहिली, रडवेली. तिला बघून मामा उठले.

"तिला काय बोलू नका." हे त्यांनी स्पीकरशिवाय म्हटलं आणि दार पुन्हा हललं. "दोन वर्षं दर हप्त्याला माझी चौकशी करून राहिली ती. पगार तुम्ही देत असाल, पन मी जेवलो का, हे तिनं आपल्या मनानं विचारलं." मग तिच्याकडं वळून ते म्हणाले, "उदगीरची व्हय तू? आधी सांगायचं न्हाई का. उगं एवढं कठीण बोलत बसलीस."

आमची लेक सरांसमोर गेली. तिनं कोटाबद्दल काही विचारलं नाही, माफी मागा असंही म्हटलं नाही. फक्त म्हणाली, "फलक आज उतरवा. आणि हा आत्ताचा कॉल पुन्हा लावा, मला घ्यायचाय." तिनं मोबाइल स्पीकरसमोर धरला आणि मामांची ती सगळी गच्ची, सतरंजी, जिना, 'कुनी म्हंजे कुनी न्हाई', सगळं टिपून घेतलं. तिथंच उभं राहून उमरीला पाठवलं. खाली काही लिहिलं नाही. आम्ही जिना उतरेपर्यंत मैत्रिणीचा फोन आला. लेक बाजूला जाऊन बोलली. मी कान लावले, पण लातूरच्या त्या रस्त्यावर प्रत्येक दुकान स्पीकरवर बोलतं. एवढंच ऐकू आलं, "मग बाबांना ऐकव ना. हो, आबाच ते. एवढाच असतो त्यांचा आवाज."

फलक उतरवला का? छे. दुसऱ्या दिवशी भावानं फोटो पाठवला. लेकीच्या तोंडावर दुसऱ्या एका पोराचं तोंड चिकटवलेलं होतं, त्याच निळ्या कोटावर. पोराला मिसरूड होतं आणि त्याच्या कानामागून माझ्या लेकीची वेणी बाहेर डोकावत होती. त्यांना कागदाचीसुद्धा काटकसर. पण लेकीचं तोंड गेलं, मला तेवढं बस होतं. त्या वेणीला कुणी ओळखलंच, तर तिनं घरीच अभ्यास केला हे सांगायला ती वेणीच पुरे आहे.

लातूरहून परतताना त्या दिवशी बसस्थानकावर आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. मी मधे. नांदेडची गाडी लागायची होती. मामा समोरच्या गाड्यांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते, जुन्या सवयीनं, आणि दोन माणसं त्यांना चौकशी खिडकी समजून विचारून गेली. लेक अचानक उठली, वळसा घालून त्यांच्या बाजूला जाऊन बसली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. बोलली म्हणजे भांडली.

"जिन्यात रडल्याचं कशाला सांगितलंत तिला? आता सगळ्या लातूरला कळलं. उमरीलापण."

मामांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मग काय सांगू? नाचत होती म्हनून?"

"तुम्ही खाली बसला होतात, ते मला सांगायचं होतं ना."

"तू ऐकली असतीस का तवा?"

गाडी लागली. मामा दारात उभे राहून अख्ख्या बसस्थानकाला ऐकू जाईल असं ओरडले, "नांदेड! नांदेड! बसून घ्या!" खरा कंडक्टर खाली उभा राहून बघत राहिला. लेकीनं कपाळाला हात लावला, मग खिडकीजवळची जागा धरली आणि शेजारच्या सीटवर आपली ओढणी टाकून ठेवली, आजोबांसाठी. मला मागं जाऊन बसावं लागलं.